थर्मलची भुरी

मराठी मुलांच्या लाडक्या पात्रांचे पत्ते शोधायला निघालं की गाडी हटकून पुण्याकडे वळते. भा. रा. भागवतांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे मूळचा फुरसुंगीचा, पण शाळा पुण्यातली. चिंटू 1991 साली ‘सकाळ’मध्ये आला, तोही पुण्याचाच. आम्ही नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या कॉलनीतली मुलं फास्टर फेणे वाचत मोठी झालो आणि आपल्याकडे काही म्हणजे काही घडत नाही, याबद्दल आमचं एकमत होतं. जे घडायचं ते थर्मलमध्ये, म्हणजे वीज केंद्रात, फाटकाच्या आत. आणि आत मुलांना मज्जाव.

चित्रपुस्तकासाठी भुरी नावाची मांजर कागदावर उतरवू लागलो, तेव्हा तिची सगळी सामग्री त्याच फाटकापलीकडून आली.

एकलहऱ्याचे पहिले दोन संच 140 मेगावॅटचे, 1970 आणि 1971 सालचे. 210 मेगावॅटचे आणखी तीन 1979 ते 1981 या काळात सुरू झाले, आणि तेच आमच्या लहानपणाचं पंचांग होतं. मोठी माणसं कुणाचं लग्न, कुणाची बदली ‘तिसरा संच आला तेव्हा’ अशा हिशेबानं सांगत. माझे वडील, अण्णा, सीएचपीत, म्हणजे कोळसा हाताळणीच्या विभागात. रात्रपाळी करून सकाळी आले की अंगावरचे कपडे काढून मोरीशेजारी टाकायचे आणि आंघोळीला जायचे. तेवढ्यात एक बेवारशी पांढरी मांजर येऊन त्या ढिगावर मुरकुटून झोपायची. उठायची तेव्हा एक कूस पांढरी, एक राखाडी. आई तिला पांढरी म्हणायची, आम्ही भुरी. समोरच्या क्वार्टरमधल्या काकू तिसरंच काही म्हणायच्या. मांजर ज्या कुशीवर झोपली असेल त्यावर तिचं नाव ठरायचं आणि त्यावरून रोज भांडण. पुस्तकात भुरीला हाच उद्योग दिला आहे: ती दार बदलते तसा तिचा रंग बदलतो, आणि खरा कुठला यावर कॉलनी दोन तट पाडून भांडते.

अण्णांनाच नायक का करत नाहीस, असं बऱ्याच जणांनी विचारलं. पण चित्रपुस्तकात वडील पुढे आले की ते हळूच शिकवायला लागतात, आणि मग पोरं पान उलटतात. अण्णांकडून मी एवढंच घेतलं की ते जेवताना टिपलरच्या गोष्टी सांगत. कोळशानं भरलेला मालगाडीचा अख्खा डबा रुळाच्या तुकड्यासकट पकडायचा आणि जवळजवळ उलटा करायचा. कोळसा धडाधड खाली, डबा पुन्हा सरळ. पुढे तोच कोळसा गिरणीत पिठासारखा दळून हवेच्या झोतानं बॉयलरमध्ये फुंकला जातो, हेही ते सांगत. मी मात्र उलट्या डब्यापाशीच अडकून राहायचो. गाडी चुकून माणसांची आली तर?

रात्री सायडिंगवर डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज कॉलनीपर्यंत यायचा. त्या आवाजाचं पुस्तक होऊ शकतं, याचा धीर मला एका इंग्रज पाद्र्यानं दिला. विल्बर्ट ऑड्री लहानपणी विल्टशरमधल्या बॉक्स गावी, रेल्वेच्या बोगद्याजवळ राहायचे. रात्री चढावर मालगाडीला मागून दुसरं इंजिन जोर लावायचं. त्या फुसफुशीतून आणि शिट्ट्यांतून इंजिनं आपसात बोलताहेत असं त्यांना वाटे. मोठेपणी मुलाला गोवर आला तेव्हा ही बोलकी इंजिनं त्याला रमवायला कामी आली. 1945 साली पहिलं पुस्तक निघालं आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या पुस्तकात थॉमस आला. बोगद्याजवळच्या मुलाला जे साधलं ते सायडिंगजवळच्याला का साधू नये?

घरचं उदाहरण माधुरी पुरंदरे यांचं. जे. जे.मध्ये चित्रकला शिकलेल्या, स्वतः लिहिणाऱ्या आणि स्वतःच चित्रं काढणाऱ्या. त्यांचा यश काहीही अचाट करत नाही. घरात, शाळेत त्याचं जे चालतं तेवढ्यावर पुस्तक उभं राहतं. माझ्या मुलीला ती पुस्तकं वाचून दाखवताना फेणेनं घातलेलं ‘काहीतरी घडलं पाहिजे’चं भूत माझ्या मानेवरून उतरलं. तरी एक कुरकुर राहतेच. माझ्या वाचनातल्या मराठी चित्रपुस्तकांत शेतं आहेत, वाडे आहेत, फ्लॅट आहेत. पाळीच्या भोंग्यावर चालणारी, सगळी घरं एकाच नकाशाची अशी वसाहत क्वचितच दिसते. महाराष्ट्रात अशा वसाहतींत किती पोरं वाढली! कोराडी, परळी, भुसावळ, चंद्रपूर.

एकलहऱ्याचे 140 मेगावॅटचे दोन्ही संच आता बंद आहेत. नाशिकरोडच्या काही मुलांना कच्ची चित्रं दाखवली, तेव्हा टिपलर म्हणजे काय हे एकालाही कळेना. समजावण्यात दम निघाला. म्हणून ते पान उलटं छापायचं ठरवलं आहे: वाचायचं तर पुस्तक फिरवावं लागतं, आणि फिरवलं की कोळसा पानाच्या खालच्या कडेला जमा झालेला दिसतो. भुरी तेवढी डब्याच्या दांडीला नख्या रोवून लटकलेली. ते पान पाहून एका मुलीनं पुस्तक इतक्या वेळा गरगर फिरवलं की शिवण सुटली. पुढची प्रत जाड पुठ्ठ्याची करतोय.