आरोग्य विम्याची निवड (महाड–पोलादपूर परिसर)

आरोग्य विम्याची निवड म्हणजे भावी रुग्णालयीन खर्चाचा भार शासकीय योजना, विमा कंपनी आणि स्वतःची बचत यांवर कसा विभागावयाचा, याविषयी कुटुंबाने आगाऊ घेतलेला निर्णय होय. हा निर्णय प्रकृती उत्तम असतानाच घ्यावा लागतो. आजार जडल्यानंतर खासगी विम्याचे पर्याय मर्यादित होतात. रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागातील महाड व पोलादपूर या तालुक्यांत डोंगराळ प्रदेश, शेतीवरील अवलंबन आणि मुंबईकडील स्थलांतर यांमुळे या प्रश्नास स्थानिक वैशिष्ट्ये प्राप्त झाली आहेत.

आकस्मिक आजार

आजचे आरोग्य हे उद्याच्या आरोग्याची हमी नसते. याचे या परिसरातील ठळक उदाहरण म्हणजे विंचूदंश. लाल विंचवाच्या विषाने धडधाकट व्यक्तीचेही हृदय व फुप्फुसे काही तासांत निकामी होऊ शकतात. महाड येथील डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी या दंशावर प्राझोसिन या औषधाच्या उपयोगाचा अभ्यास केला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व अपघात हेही असेच पूर्वसूचनेविना येतात. विशेषोपचारांसाठी रुग्णास अनेकदा मुंबई वा पुणे येथे न्यावे लागते. अशा वेळी विम्याचे संरक्षण नसल्यास दागिने, जमीन किंवा कर्ज यांचाच आधार उरतो.

शासकीय योजना

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राज्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत रायगडचा समावेश होता. २०१७ मध्ये तिचे नामांतर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे झाले. २०२३ च्या शासननिर्णयानुसार शिधापत्रिकेचा रंग न पाहता राज्यातील सर्व कुटुंबांना वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्याचे ठरले. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता सामावून घेण्यात आले. मात्र या योजनांचा लाभ ठरावीक उपचारांसाठी आणि अंगीकृत रुग्णालयांतच मिळतो. शिधापत्रिकेवर नाव नसणे ही ऐनवेळची मोठी अडचण ठरू शकते. म्हणून नोंदी आधीच तपासून घेणे हितावह असते.

खासगी विमा व प्रतीक्षाकाळ

लोक आजारी पडल्यावरच विमा घेऊ लागले, तर जमा हप्त्यांतून दावे भागणार नाहीत. अर्थशास्त्रात यास प्रतिकूल निवड म्हणतात. त्यामुळे विम्यात प्रतीक्षाकाळ ठेवलेला असतो. नव्या विमापत्रात अपघात वगळता सामान्यतः पहिले ३० दिवस दावा करता येत नाही. पूर्वीपासून असलेल्या आजारांसाठी भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २०२४ पासून प्रतीक्षाकाळाची कमाल मर्यादा ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणली. निरोगीपणी विमा घेणाऱ्याचा हा काळ आजार येण्यापूर्वीच सरण्याची शक्यता अधिक असते. मधुमेह वा रक्तदाब लपविल्यास दावा नाकारला जाऊ शकतो.

अमेरिकेत १९६५ च्या कायद्याने आलेल्या मेडिकेअर योजनेतही हेच तत्त्व दिसते. तेथे वैद्यकीय सेवांच्या 'ब' भागात सबळ कारणाविना उशिरा नाव नोंदविल्यास विलंबाच्या प्रत्येक पूर्ण १२ महिन्यांमागे हप्ता १० टक्क्यांनी वाढतो आणि ही वाढ बहुधा कायम राहते.

निवडीचे निकष

केवळ कमी हप्ता हा पुरेसा निकष नाही. ३ लाख रुपयांच्या विम्यात खोलीभाड्याची मर्यादा दररोज १ टक्का, म्हणजे ३,००० रुपये असल्यास आणि रुग्णाने ६,००० रुपयांची खोली घेतल्यास, भाड्याबरोबरच डॉक्टरांचे शुल्क व इतर संलग्न खर्चही त्याच प्रमाणात निम्मेच मंजूर होऊ शकतात. दाव्यातील रुग्णाचा हिस्सा, वगळलेले आजार आणि रोकडरहित सेवा देणारी रुग्णालये हेही पाहावे लागते. मुंबईतील मुलाने काढलेल्या कौटुंबिक विम्यात गावी राहणाऱ्या आई-वडिलांची नावे आहेत काय, आणि महाडजवळचे कोणते रुग्णालय त्यात आहे, हे प्रश्न येथे विशेष महत्त्वाचे ठरतात.

मर्यादा

विमा आजार टाळत नाही आणि रुग्णालयाचे अंतरही कमी करीत नाही. आणीबाणीत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा निःशुल्क मिळते. तथापि बाह्यरुग्ण तपासणी, रोजची औषधे, नातेवाइकांचा परगावचा मुक्काम आणि बुडालेली मजुरी हे खर्च बहुधा विम्याबाहेर राहतात. म्हणून योजनेतील नोंदणी व विमापत्र यांच्या जोडीला हाताशी थोडी बचत असणे आवश्यक ठरते.