रिकामं व्हेरिएबल आणि साफ झालेला डेटा: २०१५ साली स्टीमच्या स्क्रिप्टमध्ये नेमकं काय चुकलं होतं?

जानेवारी २०१५ ची गोष्ट. लिनक्सवर गेम खेळणाऱ्या एकाने आपला स्टीमचा फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवला आणि स्टीम पुन्हा सुरू केलं. गेम राहिला बाजूला, फाईलीच गायब झाल्या. त्याच्या युजर अकाउंटच्या मालकीचं जे जे होतं ते पुसलं गेलं. बॅकअपसाठी जोडून ठेवलेली बाहेरची हार्ड डिस्कही त्यातून सुटली नाही.

ना व्हायरस, ना हॅकर. स्टीम ही व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीची गेम विकणारी आणि चालवणारी सेवा. तिच्या लिनक्स आवृत्तीसोबत एक शेल स्क्रिप्ट येते. शेल स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला एकापाठोपाठ एक द्यायच्या कमांडची यादी. घोळ याच यादीत होता.

झालं असं, की स्क्रिप्टला आधी स्टीमचा फोल्डर कुठे आहे हे माहीत करून घ्यायचं होतं. त्यासाठी ती 'सीडी' या कमांडने त्या फोल्डरमध्ये शिरायची, तिथला पत्ता उचलायची आणि 'स्टीमरूट' नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवायची. पुढे कधी स्टीम नव्याने बसवायची वेळ आली, तर दुसरी एक ओळ सांगायची: स्टीमरूटमध्ये जो पत्ता आहे, त्याच्यापुढे '/' लाव आणि त्याखालचं सगळं न विचारता पुसून टाक.

आता फोल्डरमध्ये शिरताच आलं नाही तर? सीडी फेल होते, पत्ता मिळत नाही, स्टीमरूट रिकामं राहतं. आणि रिकाम्या पत्त्यापुढे '/' लावला की उरतो फक्त '/'. लिनक्समध्ये याचा अर्थ सगळ्या फाईलींचं मूळ, जिथून कॉम्प्युटरमधला प्रत्येक फोल्डर सुरू होतो. म्हणजे आदेश झाला, 'सगळंच पुसून टाक'. सिस्टीमच्या फाईली वाचल्या, कारण त्या पुसायचा अधिकार साध्या युजरला नसतो. फोटो, कागदपत्रं, प्रोजेक्ट यांना तसलं संरक्षण नव्हतं.

गंमत म्हणजे (ज्याचा डेटा गेला त्याला ती वाटली नसणार) त्या धोकादायक ओळीच्या वरच 'भीतीदायक!' अशा अर्थाची एका शब्दाची कॉमेंट होती. लिहिणाऱ्याला धोका दिसला होता. पण कॉमेंट माणसांसाठी असते, कॉम्प्युटर ती वाचत नाही.

फाईली पुसणाऱ्या 'आरएम' कमांडमध्ये नुसता '/' पुसायला नकार देण्याची सोय असते. ती इथे कामी आली नाही. ओळीत '/' च्या पुढे '*' होतं, त्यामुळे शेलने आधीच आतल्या सगळ्या फोल्डरांची नावं काढून आरएमच्या हातात दिली. आरएमला '/' दिसलाच नाही.

पण खरी चूक त्या पुसणाऱ्या ओळीच्या आधीची. शेलमध्ये प्रत्येक कमांड काम संपलं की एक आकडा परत देते, ० ते २५५ मधला. शून्य म्हणजे काम झालं, बाकी काहीही म्हणजे काहीतरी वेगळं घडलं. सीडीने 'जमलं नाही' असा आकडा इमानदारीत परत दिला होता. स्क्रिप्टने तो बघितलाच नाही आणि शेलही आपणहून थांबत नाही, पुढची ओळ चालवतो. पुसण्याआधी 'स्टीमरूट रिकामं आहे का' एवढा एक प्रश्न विचारला असता तरी पुरलं असतं.

फंक्शनने परत दिलेल्या या उत्तराला रिटर्न व्हॅल्यू म्हणतात आणि प्रत्येक भाषेत ते वाचायची रीत वेगळी. पीएचपीमध्ये 'स्ट्रपॉस' हे फंक्शन वाक्यात एखादा शब्द कितव्या जागी आहे ते सांगतं, मोजणी शून्यापासून. 'पुणे स्टेशन'मध्ये 'पुणे' शोधलं तर उत्तर येतं ०, आणि शब्द नसेलच तर उत्तर येतं 'फॉल्स'. साध्या दोन बरोबरच्या चिन्हांनी तुलना केली तर पीएचपी या दोघांना सारखंच मानते, म्हणून समोर असलेला शब्द 'सापडला नाही' असं निघतं. तिथे तीन बरोबरची चिन्हं लागतात. पायथनचं 'फाईंड' शब्द नसेल तर -१ देतं. ईमेलमधला '@' च्या आधीचा भाग कापायला ते वापरलं आणि ईमेलमध्ये '@' नसलाच, तर एरर येत नाही. शेवटचं अक्षर तेवढं गुपचूप कापलं जातं. अशी चूक महिनोन्‌महिने सापडत नाही.

हे फक्त प्रोग्रामरचं दुखणं राहिलेलं नाही. फोटो पेनड्राइव्हवर कॉपी करून मूळ फोटो पुसणारी चार ओळींची स्क्रिप्ट आज कोणीही चॅटबॉटकडून लिहून घेतं. पेनड्राइव्ह भरला की कॉपी अर्धवट राहते, पुढची ओळ मात्र मूळ फोटो पुसून मोकळी होते. दोन कमांडच्या मध्ये '&&' टाकलं तर पहिली जमल्याशिवाय दुसरी चालत नाही. बॅशमध्ये 'सेट -ई' लिहिलं की कमांड फेल झाल्यावर स्क्रिप्ट थांबते, पण 'इफ'च्या अटीत बसलेल्या कमांडला ते लागू होत नाही. शिवाय शून्य नाही म्हणजे बिघाडच, असंही नाही. मजकूर शोधणारी 'ग्रेप' कमांड काही सापडलं नाही तर १ देते आणि खरंच गडबड झाली तर २. 'सेट -ई' या दोन्हींत फरक करत नाही, त्यामुळे शोधलेला शब्द फाईलमध्ये नाही एवढ्या कारणावरून चांगली चाललेली स्क्रिप्ट मध्येच बंद पडू शकते.