फुगा फोडण्याआधी

व्हिनाइलची शीट बसवली की एक-दोन दिवसांत फोन येणार, हे मी धरूनच चालतो. "दादा, फरशीला फुगे आलेत हो." माझं उत्तर ठरलेलं असतं: काकू, मी येईपर्यंत सुई टोचू नका. आत नुसती हवा आहे, उन्हाचा ताण आहे की खालची ओल, ते आधी बघू द्या. तिघांचे उपाय वेगवेगळे आहेत.

हवेचा फुगा सगळ्यांत सोपा. गोंद दात्यांच्या थापीने सारखा ओढला नाही, तो जरा सुकायच्या आत घाईने शीट टाकली, किंवा वरून जड रोलर फिरवला नाही, की हवा कोंडते. हा रोलर साधारण ४५ किलोचा असतो. हाताने दाबून त्याचं काम होत नाही. बारीक, मऊ फुगे गोंद सुकता सुकता आपोआप बसतात, म्हणून मी दोन-तीन दिवस थांबायला सांगतो. उरतील त्यांना हेअर ड्रायर. तो एका जागी धरायचा नाही, सतत फिरवायचा, आणि शीट हाताला कोमट लागली की पुरे. मग लाटण्याला पंचा गुंडाळून फुग्याच्या मधून जवळच्या कडेकडे दाबत न्यायचं.

तरी बसला नाही, तर कटरला नवं पातं लावायचं. लाकडाच्या डिझाइनमध्ये गडद रेघ असते, तिच्यावरच सेंटिमीटरभर चीर द्यायची, पातं थोडं तिरपं धरून. उभी चीर नंतर दिसते, तिरपी मिटते. हवा काढायची, औषधाच्या दुकानातल्या सिरिंजने शीटच्या कंपनीने सांगितलेलाच गोंद थोडासा आत सोडायचा, वर आलेला लगेच ओल्या फडक्याने पुसायचा. त्यावर बटर पेपर, सपाट फळी आणि तांदळाचा डबा. २४ तास हलवायचं नाही.

उन्हाचा फुगा बाल्कनीच्या दाराशी येतो. दुपारी टम्म, संध्याकाळी गायब. शीट तापून पसरते आणि भिंतीला टेकलेली असेल तर तिला जायला जागा नसते. तिथे सुई काय करणार? स्कर्टिंग काढून कड थोडी कापायची आणि दाराला जाड पडदा लावायचा.

खरं दुखणं ओलीचं. दाबला तरी पुन्हा वर येणारा, तळमजल्यावरचा किंवा न्हाणीच्या भिंतीलगतचा फुगा असेल तर मी कड उचलून बघतो. गोंद चिकट लापशीसारखा झालेला आणि कोब्यावर पांढरी खारट पूड दिसली, की गोंद कितीही भरा, उपयोग शून्य. साध्या लादीच्या सांध्यांतून जमिनीची वाफ निघून जाते. व्हिनाइल तिला वाटच देत नाही.

आमच्या चिपळूणला हे वेगळं सांगावं लागत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, आणि त्या वर्षी गणपती १० सप्टेंबरला होते. चिखल उपसून, भिंती धुऊन लोकांना सणाआधी घर नीट दिसायला हवं होतं. ते मला पूर्ण कळत होतं. पण जमिनी पाणी पिऊन बसल्या होत्या आणि वरून पाऊस चालूच. मी प्रत्येक खोलीत दीड फूट चौरस जाड प्लास्टिक चारही बाजूंनी टेप लावून चिकटवायचो आणि सकाळी उचलायचो. खाली थेंब असले, कोबा काळपट झालेला असला, की त्या घरी शीट नाही. नवा कोबासुद्धा चांगल्या हवेत इंचाला साधारण महिना घेतो सुकायला; पावसाळ्यात त्याचा भरवसाच नको. तेवढ्या दिवसांसाठी सैल सतरंजी अंथरा, असं मी सांगायचो. रोज उचलता येते, खालची जमीन वाळत राहते. काहींनी ऐकलं, काहींनी दुसरा माणूस आणला.

ओल जाणारच नसेल, तर कोब्यावर आधी ओल अडवणारा एपॉक्सी कोट मारावा लागतो, आणि तो महाग पडतो. तो परवडत नसेल त्याला मी तळमजल्यावर व्हिनाइल लावूच देत नाही, शहाबादी घाला म्हणतो.