हसवणारा स्वतः हसत का नाही? : अशोक सराफ यांच्या निमित्ताने

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी विनोदी नटावर काय बोलावं, असं काहींच्या मनात आलं असेल. पण हास्य हा आमच्या शास्त्राचा फार जुना विषय आहे. भरतमुनींनी आठ रस सांगितले, त्यात शृंगाराच्या पाठोपाठ दुसरा क्रमांक हास्याचा. व्यवहारात मात्र आपण रडवणाऱ्याला 'श्रेष्ठ अभिनेता' म्हणतो आणि हसवणाऱ्याला 'करमणूक करणारा'. ही उतरंड बरोबर आहे का, हे आज अशोक सराफ यांच्या कामाकडे बघून तपासू.

आधी थोडा जीवनपट. जन्म मुंबईत, ४ जून १९४७ चा. वाढले गिरगावाकडच्या चिखलवाडीत. मामा गोपीनाथ सावकार हे नाट्यक्षेत्रातलं मोठं नाव, त्यामुळे रंगभूमी घरातच होती. शिरवाडकरांच्या 'ययाति आणि देवयानी' या नाटकात त्यांना भूमिका मिळाली ती विदूषकाची. पुढे बरीच वर्षं स्टेट बँकेत नोकरी आणि जोडीला नाटक, असा संसार चालला. मग १९७५ साली दादा कोंडके यांचा 'पांडू हवालदार' आला आणि त्यातल्या सखाराम हवालदाराने त्यांना घराघरांत पोचवलं.

पहिली भूमिका विदूषकाची, हा योगायोग आपल्या कामाचा आहे. संस्कृत नाटकातला विदूषक बघा. राजाचा मित्र, खादाड, जातीने ब्राह्मण पण बोलतो प्राकृत. राजा विरहाने व्याकूळ झालेला असतो, आणि याचं लक्ष लाडवात असतं. गंमत अशी, की विदूषकाला लाडू ही खरोखरच गंभीर बाब वाटते. आपण विनोद करतोय असं त्याच्या गावीही नसतं.

फ्रेंच तत्त्वज्ञ हेन्री बर्गसाँ यांनी १९०० साली हास्यावर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यात हेच सूत्र निराळ्या वाटेने येतं. हास्यास्पद माणूस स्वतःला दिसत नाही, इतरांनाच दिसतो. म्हणजे विनोदी नटापुढचा पेच काय, तो पाहा. पात्राला काही ठाऊक नाही. नटाला सगळं ठाऊक आहे. हसू कुठे येणार, किती वेळ टिकणार, ते ओसरायच्या आत पुढचं वाक्य टाकायचं की नंतर, हा सगळा हिशेब नटाच्या डोक्यात चालू आहे. आणि तो चेहऱ्यावर दिसता कामा नये. दिसला की प्रेक्षक सावध होतो आणि हसू मावळतं. म्हणून आमचं म्हणणं असं, की विनोदी अभिनयाचा पाया गांभीर्य आहे.

उदाहरण तुमच्या सगळ्यांच्या ओळखीचं घेऊ. १९८८ चा, सचिन पिळगावकर यांनी दिग्दर्शित केलेला 'अशी ही बनवाबनवी'. चौघा जणांना पुण्यात राहायला जागा नाही, आणि मालकीणबाईंना भाडेकरू हवेत ते जोडपीच. म्हणून लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन साडी नेसतात. साडीमुळे हसू येणारच. भरतमुनींनीही विकृत वेष हे हास्याचं कारण म्हणून नोंदवलंय. पण अशोक सराफ यांच्या धनंजय माने याच्याकडे साडी नाही. त्याच्या वाट्याला आलंय ते नवरेपण. आपल्या मित्राकडे बायको म्हणून बघायचं, आणि समोरच्यालाही तसं बघायला लावायचं. माने यांनी क्षणभर जरी 'कशी गंमत चाललीय' असा चेहरा केला असता, तरी सगळा डोलारा कोसळला असता. कुणी अडचणीचा प्रश्न विचारला की त्यांचा चेहरा अर्धा क्षण थांबतो, नजर जराशी हलते, आणि मग ठाम आवाजात नवी थाप बाहेर पडते. त्या अर्ध्या क्षणात सिनेमाचा निम्मा विनोद आहे. लक्ष्मीकांत यांचा विनोद उसळत बाहेर येतो, अशोक सराफ तो धरून ठेवतात. दोघांची जोडी जमली ती या फरकामुळे.

दुसरं उदाहरण १९९५ मध्ये सुरू झालेल्या 'हम पाँच' या हिंदी मालिकेचं. पाच मुलींचा बाप आनंद माथुर. त्याची दिवंगत पहिली बायको, म्हणजे प्रिया तेंडुलकर, भिंतीवरच्या तसबिरीतून त्याच्याशी बोलते. हे ऐकू येतं फक्त त्याला. तसबिरीशी वाद घालणारा माणूस वेडा तरी वाटेल किंवा खोटा तरी. अशोक सराफ त्याला दमलेला, घाबरलेला, पण खराखुरा नवरा करतात. बायको फोटोत गेली तरी संसार सुटलेला नाही, हे आपल्याला पटतं आणि म्हणून हसू येतं.

इथे बर्गसाँ यांच्याशी आमचा मतभेद आहे. ते म्हणतात, हसण्यासाठी काही काळ हृदय बधिर व्हावं लागतं. सहानुभूती आली की हसू संपलं. पडणाऱ्या माणसाला हसतो तेव्हा हे खरंही असेल. पण माने यांना हसताना आपलं हृदय बधिर असतं का? भाड्याच्या खोलीसाठी वणवण केलेल्या पिढ्या महाराष्ट्रात आहेत. घर हातचं जाईल ही त्याची भीती आपण ओळखतो. त्याला हसताना आपल्यालाच तो सापडू नये असं वाटत असतं. हसू आणि काळजी एकाच वेळी चालू असतात.

ही काळजी जागी करण्याची ताकद गंभीर कामातून कमावलेली आहे. विजया मेहता यांनी बसवलेल्या, अनिल बर्वे यांच्या 'हमीदाबाईची कोठी' या नाटकात अशोक सराफ होते. १९९१ च्या 'चौकट राजा'मध्ये दिलीप प्रभावळकर यांच्या नंदूला जीव लावणारा गणा त्यांनी केला, आणि 'वजीर' या राजकीय चित्रपटातही त्यांना हसवायचं नव्हतं. लोक म्हणतात, 'विनोदी नट असूनही गंभीर काम जमलं.' आम्ही त्यातला 'असूनही' काढून टाकू. दोन्हीकडे काम एकच आहे : पात्राचा प्रसंग खरा मानायचा.

मान मिळाला, तो उशिरा. २०२३ चा महाराष्ट्र भूषण, आणि २०२५ साली पद्मश्री, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षात. उशिराचं कारण एखाद्या समितीत शोधू नये. ते आपल्या सगळ्यांच्या मनातल्या त्या उतरंडीत आहे. पोटभर हसून बाहेर पडताना 'टाइमपास होता' म्हणणारे आपणच.

तेव्हा एवढंच करा. 'बनवाबनवी' पुन्हा लागला, आणि तो लागणारच, तर बोलणाऱ्याकडे बघू नका. माने गप्प उभे राहून ऐकत असतील, तेव्हा त्यांच्याकडे बघा.