स्पार्टाची शिस्त, हेलोटांचा घाम

परवा नववीतला नातू मोबाइलवर ‘३००’ हा सिनेमा बघत होता. संपल्यावर उशीची ढाल करून माझ्यासमोर उभा राहिला. म्हणाला, “अज्जा, स्पार्टाची माणसं कसली भारी होती!”

मी मान डोलावली, पण मनाला रुखरुख लागून राहिली. हायस्कुलात इतिहास शिकवताना मीही पोरांना एवढंच सांगत आलो. कोल्ह्याच्या पिल्लाची गोष्ट तर दरवर्षी ठरलेली. चोरलेलं पिल्लू वस्त्राखाली लपवलेला मुलगा. पिल्लाने पोट फाडलं तरी तोंडातून हूं की चूं नाही, तसाच मेला. वर्ग चिडीचूप व्हायचा आणि मलाही ते आवडायचं.

ग्रीसच्या दक्षिणेला युरोटास नदीकाठी हे नगर. भोवती तट नाही. आमची माणसं हाच आमचा तट, असा ताठा. मुलगा ७ वर्षांचा झाला की आईजवळून उचलून सरकारी तालमीत. पाय अनवाणी, वर्षाला एकच वस्त्र, नदीकाठचं लव्हाळं हातांनी तोडून केलेलं अंथरूण. जेवण मुद्दाम अपुरं. चोरून खाल्लं तर चालेल, पण सापडलास तर फटके. लग्न झालं तरी तिशीपर्यंत मुक्काम सोबत्यांतच. बायकोला भेटायचं ते रात्री, चोरून. संध्याकाळचं जेवण रोज पंगतीत. डुकराचं मांस, रक्त आणि व्हिनेगर घातलेला काळा रस्सा ही तिथली ख्याती. (तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेल्या आपण त्याची चव न विचारलेली बरी!)

बायकांना मात्र इथे अथेन्सपेक्षा कितीतरी मोकळीक. मुली धावत, कुस्ती खेळत. जमीन त्यांच्या नावावर असे. ॲरिस्टॉटलच्या काळी पाचांतले जवळजवळ दोन हिस्से जमीन बायकांकडे होती, असं तोच लिहितो. किनिस्का या राजकन्येच्या घोड्यांनी इ.स.पू. ३९६ मध्ये ऑलिंपिकची रथशर्यत जिंकली.

आता पंगतीकडे परत येऊ. तिथे प्रत्येकाने सातू, वाइन, चीज, अंजीर असा शिधा द्यायचा. दिला नाही तर नागरिकत्व गेलं. आणि स्पार्टन पुरुषाने तर नांगराला हात लावायचा नाही! मग सातू पिकवत कोण?

हेलोट. जिंकून गुलाम केलेले लॅकोनियातले आणि डोंगरापलीकडच्या मेसेनियातले लोक. तेही ग्रीकच, भाषा तीच, देव तेच. इ.स.पू. ४७९ मध्ये प्लॅटियाच्या लढाईत एकेका स्पार्टनामागे ७ हेलोट होते, असं हिरोडोटस सांगतो. एवढ्या माणसांना दाबून ठेवायचं कसं? दरवर्षी नवे ५ एफर, म्हणजे निवडून आलेले कारभारी, हेलोटांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारत. मग हेलोट मारला तरी पाप लागत नसे. निवडक तरुणांना खंजीर देऊन रानात सोडत. रात्री हेलोट सापडला की संपवायचा. थुसिडिडीसने लिहिलेलं तर वाचवत नाही. युद्धात मर्दुमकी गाजवलेल्यांना मुक्त करू, अशी दवंडी पिटली. सुमारे २००० जण निवडले, माळा घातल्या, ते देवळांना फेरी घालून आले. पुढे ते सगळे नाहीसे झाले. कसे मारले, कुणालाच कळलं नाही.

तालीम, पंगत, फटके या सगळ्यामागे इराणच्या बादशहापेक्षा शेतावर राबणाऱ्याचीच धास्ती जास्त होती, असं मला आता वाटतं. त्यातून नागरिकांची संख्या घटतच गेली. इ.स.पू. ३७१ मध्ये ल्युक्ट्राला ७०० स्पार्टन उतरले, ४०० पडले. थोड्याच काळात थीब्जच्या फौजेने मेसेनिया सोडवला.

काल नातवाला हे सांगितलं. थर्मोपिलीच्या खिंडीतल्या प्रेतांत हेलोटही होते, हेही.

“हौदा?” तो म्हणाला. “सिनेमात नाहीत.”

हिरोडोटसने त्या तीनशे जणांची नावं माहीत करून घेतली होती. तसं त्याने लिहूनच ठेवलंय.

“आणि हेलोटांची?”

ग्रंथ कपाटातून काढला आणि दोघांनी मिळून शोधलं. एकही नाव नाही.