ग्रॅव्हल बाइक घेताय? आधी ब्रेककडे नीट बघा

डांबर संपून मुरूम सुरू झाला तरी खाली न उतरता पुढे जाता यावं, एवढ्यासाठी ग्रॅव्हल बाइक असते. हँडल रोडबाइकसारखं खाली वळलेलं (ड्रॉप हँडल), पण टायर ३८ ते ४५ मिलिमीटर रुंद, दोन चाकांमधलं अंतर थोडं जास्त आणि गियर चढाला सोपे. अमेरिकेतल्या कॅन्ससच्या कच्च्या रस्त्यांवर २००६ साली एक लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली. आज ती अनबाउंड ग्रॅव्हल म्हणून ओळखली जाते, आणि या प्रकाराला नाव मिळवून देण्यात तिचा वाटा मोठा आहे. २०१९ मध्ये शिमानोने खास ग्रॅव्हलसाठी जीआरएक्स हा गियर-ब्रेकचा संच काढला, २०२२ मध्ये इटलीत पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. आपल्याकडे मात्र ही सायकल शर्यतीसाठी फारसं कुणी घेत नाही. कालव्याच्या कडेचा रस्ता, कोकणातली जांभ्याची वाट, पावसाळ्यानंतर डांबर उखडलेला घाट, अशा ठिकाणी ती खरी कामाला येते.

हात आखडता ठेवून घ्यायची म्हटलं की सगळ्यात जास्त गोंधळ ब्रेकवरून होतो. दुकानात, ग्रुपवर, राइडनंतरच्या चहावर तीच ती वाक्यं ऐकू येतात, आणि त्यातली बरीचशी अर्धवट खरी असतात.

“डिस्क ब्रेक आहे ना, मग झालं!”

डिस्क ब्रेक हे एका गोष्टीचं नाव नाही. मेकॅनिकलमध्ये लिव्हर दाबली की तार कॅलिपरचा, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाचा, दांडा ओढते. हायड्रॉलिकमध्ये तारेऐवजी नळीतलं तेल पिस्टन ढकलतं. या दोन्हींच्या मधला एक हायब्रिड प्रकारही आहे: लिव्हरपासून तारच येते, पण पुढचं काम कॅलिपरमधलं तेल करतं. टीआरपी कंपनीचे हायआरडी हे त्याचं ओळखीचं उदाहरण.

स्वस्त सायकल घेणाऱ्यासाठी खरा फरक मेकॅनिकलच्या पोटात दडलेला आहे. काही कॅलिपरमध्ये एकच पॅड हलतं. ते रोटरला, म्हणजे चाकावरच्या चकतीला, ढकलून पलीकडच्या स्थिर पॅडवर टेकवतं, म्हणजे प्रत्येक वेळी रोटर थोडा वाकतो. काहींमध्ये, उदाहरणार्थ टीआरपी स्पायर, दोन्ही पॅड दोन्ही बाजूंनी येऊन रोटर पकडतात. जाहिरातीत दोन्हींना ‘मेकॅनिकल डिस्क’ एवढंच म्हटलेलं असतं. दुकानात हे स्वतः बघता येतं. कॅलिपरच्या मागे पांढरा कागद धरा, वरच्या फटीतून आत बघा आणि दुसऱ्याला लिव्हर अगदी सावकाश दाबायला सांगा. रोटर एका बाजूला सरकताना दिसला तर एकच पॅड हलतंय. रोटर जागच्या जागी राहिला आणि दोन्हीकडची फट सारखी मिटली तर दोन्ही पॅड हलतायत. एकच पॅड हलणारे ब्रेक वाईट असतात असं नाही, नीट लावले तर तेही चोख थांबवतात. पण त्यांच्याकडे लक्ष जास्त द्यावं लागतं, आणि ते लक्ष द्यायची तयारी नसेल तर दोन्ही पॅड हलणारेच घ्यावेत असं माझं मत आहे.

“मेकॅनिकलने घाटात सायकल थांबत नाही”

ब्रेक चाकाला थांबवतो, सायकलला थांबवते ती टायरची पकड. मुरमावर ही पकड इतकी कमी असते की बरा मेकॅनिकल ब्रेकही मागचं चाक सहज लॉक करतो. त्याच्यापुढे कितीही ताकद वाढवली तरी सायकल लवकर थांबत नाही, फक्त घसरते.

मग हायड्रॉलिक कशासाठी? हातासाठी. तेच काम एका बोटाने होतं आणि किती दाबलं तर किती थांबेल हे बोटाला नेमकं कळतं. तारेत घर्षण असतं, त्यामुळे जोर जास्त लागतो. पाच मिनिटांच्या उतारावर हे जाणवत नाही, लांब घाटात मात्र पंजे दुखू लागतात. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरताना साधारण ५५० मीटर उंची कमी होते. माणूस आणि सायकल मिळून ९० किलो धरले तर ही ऊर्जा जवळपास पावणेपाच लाख ज्यूल भरते, म्हणजे दीड लिटर पाणी उकळायला लागते तेवढी. यातला बराच भाग हवेचा विरोध खातो, उरलेला रोटर आणि पॅडमध्ये उष्णता होऊन जातो. भीतीपोटी पूर्ण घाटभर ब्रेक धरून हळूहळू उतरलं की हवेचा वाटा घटतो आणि ब्रेकचा वाढतो, शिवाय रोटरला वारंही कमी लागतं. वळणाआधी दोन्ही ब्रेक घट्ट दाबून वेग कमी करायचा आणि मग सोडून द्यायचे, म्हणजे रोटरला निवायला वेळ मिळतो. ब्रेक कुठलाही असो, ही सवय हवीच.

हात लहान असतील, वजन जास्त असेल, सायकलवर सामान लादून फिरायचं असेल किंवा मनगटाचं जुनं दुखणं असेल, तर हायड्रॉलिकसाठी थोडं थांबून पैसे साठवणं योग्य. लिव्हर बोटांच्या जवळ आणता येते का, हेही दुकानातच बघून घ्या.

“हायड्रॉलिकची कटकट फार, मेकॅनिकलला काही करावं लागत नाही”

रोजच्या वापरात बहुतेकदा उलटं घडतं. हायड्रॉलिकमध्ये पॅड झिजेल तसा पिस्टन आपोआप पुढे सरकतो. नळी बंद असते, त्यामुळे चिखलपाणी आत शिरत नाही. अधूनमधून ब्लीडिंग करावं लागतं, म्हणजे जुनं तेल आणि त्यात अडकलेली हवा काढून टाकणं. त्याला किट लागतो आणि ते रस्त्याच्या कडेला बसून करायचं काम नाही, हे खरं. चाक काढलेलं असताना लिव्हर दाबली गेली तर पिस्टन बाहेर येतात आणि चाक परत बसत नाही. सायकल गाडीत किंवा विमानात न्यायची असेल तर पॅडच्या मधे स्पेसर घालून ठेवायचा, एवढी काळजी पुरते.

मेकॅनिकलला मात्र झीज आपल्यालाच भरून काढावी लागते, आणि इथे हमखास चूक होते. पॅड झिजून लिव्हर सैल लागली की लोक तार ताणत जातात. लिव्हर घट्ट वाटते, पण कॅलिपरचा दांडा आधीच अर्ध्या वाटेवर येऊन बसलेला असतो. ऐन वेळी तो पूर्ण ओढला जाण्याआधीच अडतो आणि ब्रेक अपुरा पडतो. योग्य रीत अशी: तारेला हात न लावता कॅलिपरवरच्या स्क्रूने पॅड रोटरजवळ आणायचं. ॲलन की घेऊन दोन मिनिटांत होतं. सोबत पॅडही बघायचं. शिमानोच्या पॅडचं अस्तर ०.५ मिलिमीटर उरलं की ते बदलायचं.

“मेकॅनिकलची तार कुठल्याही गावात मिळते” हेही पूर्ण खरं नाही. ड्रॉप हँडलच्या लिव्हरमध्ये बसणाऱ्या ब्रेक केबलचं टोक लहान आणि निमुळतं असतं. साध्या सायकलींच्या किंवा एमटीबीच्या (माउंटन बाइकच्या) केबलचं टोक पिंपाच्या आकाराचं असतं, ते तिथे बसत नाही. ब्रेव्हेला, म्हणजे लांब पल्ल्याच्या राइडला, किंवा आडवाटेला निघताना आपली तार आपल्याच पिशवीत असावी.

“ब्रेक ऑइल म्हणजे ब्रेक ऑइल”

मुळीच नाही. शिमानोचे ब्रेक मिनरल ऑइलवर चालतात, स्रॅमचे ड्रॉप हँडलचे हायड्रॉलिक डॉट ५.१ या ब्रेक फ्लुइडवर. एकाच्या जागी दुसरं भरलं तर आतली रबरी सीलं फुगतात किंवा खराब होतात आणि ब्रेक निकामी होतो. गॅरेजमधल्या मोटरसायकलच्या बाटलीतलं तेल शिमानोच्या ब्रेकमध्ये कधीही घालू देऊ नका.

“आत्ता मेकॅनिकल घेऊ, हायड्रॉलिक नंतर लावू”

हा गैरसमज खिशाला सगळ्यात महाग पडतो. एमटीबीच्या सरळ हँडलवर ब्रेकची लिव्हर आणि गियरचा शिफ्टर वेगवेगळे असतात, म्हणून तिथे हायड्रॉलिक स्वस्तात मिळतात. ड्रॉप हँडलवर ब्रेक आणि गियर एकाच लिव्हरमध्ये असतात. हायड्रॉलिक लावायचे म्हणजे तेलाची टाकी असलेली नवी लिव्हर, तीही दोन्ही बाजूंची, शिवाय नळ्या आणि कॅलिपर. शिमानोच्या क्लॅरिस आणि सोरा या संचांत हायड्रॉलिक लिव्हर निघालेलीच नाही, त्यामुळे बऱ्याचदा गियरही बदलावे लागतात. परवडणाऱ्या ग्रॅव्हल बाइकवर मेकॅनिकल ब्रेक दिसतात त्याचं मोठं कारण हेच. तुम्हाला हायड्रॉलिक हवेच असतील तर जीआरएक्स ४०० सारखा संच असलेली सायकल पहिल्यांदाच घेणं स्वस्त पडतं.

मेकॅनिकल घेतली तरी ती पुष्कळ सुधारता येते, आणि पहिला खर्च करावा तो हाउसिंगवर, म्हणजे तारेवरच्या आवरणावर. नेहमीच्या ब्रेक हाउसिंगमध्ये गुंडाळलेल्या तारेचं वेटोळं असतं, जोरात दाबलं की ते आखडतं आणि आपली थोडी ताकद तिथेच मुरते. ब्रेकसाठीचं कम्प्रेशनलेस हाउसिंग आखडत नाही. ते लावलं की तोच ब्रेक घट्ट आणि नेमका वाटू लागतो. एक धोका मात्र लक्षात ठेवा: गियरचं हाउसिंग दिसायला यासारखंच असतं, पण त्यात उभ्या तारा असतात आणि ब्रेकच्या जोराने ते फाटू शकतं. गियरचं हाउसिंग ब्रेकला कधीच लावायचं नाही.

यापुढची पायरी हायब्रिड कॅलिपर, कारण त्याला जुनीच लिव्हर चालते. फक्त तो रोड लिव्हरसाठीचा असावा. एमटीबीच्या लिव्हरची ओढ वेगळी असते. फ्रेमवर कॅलिपर बसवायची जागा फ्लॅट माउंट आहे की पोस्ट माउंट, हेही बघूनच मागवा.

“ब्रेक किंचाळतो म्हणजे पीस खराब”

बहुतेकदा पॅडला तेल लागलेलं असतं. चेनवर स्प्रे मारताना त्याचा तुषार रोटरवर उडतो, किंवा सायकल धुणारा पोऱ्या डिझेलचं फडकं सगळीकडे फिरवतो. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येतो. पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर नवं पॅड घालणंच बरं. चेनचं तेल थेंबाथेंबानेच घालावं.

दुसरं कारण म्हणजे नव्या ब्रेकचं बेडिंग न करणं. मोकळ्या रस्त्यावर बऱ्यापैकी वेग घेऊन, चाक लॉक होऊ न देता, चालण्याच्या वेगापर्यंत यायचं. पुढचा आणि मागचा ब्रेक वेगवेगळा घेऊन, प्रत्येकी वीसेक वेळा. पॅडचा पातळ थर रोटरवर बसतो आणि पकड येते. स्वस्त रोटरवर फक्त रेझिन पॅड वापरण्याची सूचना छापलेली असते, तिथे मेटल पॅड घातली तर रोटर लवकर झिजतो. रोटरलाही मर्यादा आहे: शिमानोचा नवा रोटर १.८ मिलिमीटर जाड असतो, १.५ वर आला की बदलायचा.

“ब्रेक चांगला म्हणजे सायकल चांगली”

ब्रेक, हाउसिंग, पॅड, टायर हे सगळं कमीजास्त खर्चात का होईना, नंतर बदलता येतं. फ्रेम बदलता येत नाही. म्हणून दोन सायकलींमध्ये मन अडकलं तर मी आधी फ्रेममध्ये किमान ४० मिलिमीटरचं टायर मावतं का ते बघेन, मग पुढे-मागे १२ मिलिमीटरचे थ्रू ॲक्सल आहेत का ते. थ्रू ॲक्सलमुळे चाक दर वेळी त्याच जागी बसतं आणि रोटर घासायचा त्रास कमी होतो. गियरमध्ये मागचं सर्वांत मोठं चक्र पुढच्या सर्वांत लहान चक्राएवढं किंवा त्याहून मोठं असावं, नाहीतर सामान लादून घाट चढताना गुडघे बोलू लागतात. हे जमून आलेली, दोन्ही पॅड हलणाऱ्या मेकॅनिकल ब्रेकची ॲल्युमिनियमची सायकल मी हायड्रॉलिक ब्रेकच्या पण फक्त ३२ चं टायर मावणाऱ्या सायकलीआधी उचलेन. उरलेल्या पैशांत कम्प्रेशनलेस हाउसिंग आणि पॅडचा एक जादा जोड येतो.