शाळेची स्वायत्तता आणि शाळेचा आराखडा

शाळेस अधिक स्वातंत्र्य असावे, ही मागणी शिक्षकांच्या सभांतून वारंवार ऐकू येते, आणि ती रास्त आहे. वेळापत्रक वरून, उपक्रम वरून आणि त्यांचे अहवालही वरूनच आलेल्या नमुन्यात. मग शाळेने स्वतःच्या बुद्धीने करावयाचे ते काय उरते, असा प्रश्न एखाद्या जाणत्या शिक्षकास पडला तर त्यास दोष देता येणार नाही. तथापि मागणी करण्यापूर्वी स्वायत्तता म्हणजे नेमके काय, कायद्याने तिचा किती भाग शाळेस यापूर्वीच दिलेला आहे आणि तो आपण वापरतो किंवा नाही, याचा विचार करणे इष्ट होय.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. मुंबई इलाख्यात १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे आला. १९४७ च्या कायद्याने शासनाचे नियंत्रण पुन्हा दृढ झाले. पुढे १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्या स्वाधीन झाल्या. या प्रत्येक वेळी सत्ता राजधानीकडून जिल्ह्याकडे किंवा जिल्ह्याकडून राजधानीकडे सरकली. शाळेचा उंबरठा ओलांडून ती आत मात्र क्वचितच आली. ही उणीव १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने ओळखली होती. आयोगाचे सदस्य-सचिव, कोल्हापूर जिल्ह्याचे सुपुत्र जे. पी. नाईक यांनी ‘संस्थात्मक नियोजन’ या कल्पनेचा हिरिरीने पुरस्कार केला. प्रत्येक शाळेने आपली गरज ओळखून, हाती असलेल्या साधनांनिशी आपली योजना आपणच आखावी, हे तिचे सार होय.

या कल्पनेस कायद्याचे बळ मिळण्यास पुष्कळ वर्षे लागली. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या कलम २१ अन्वये शाळा व्यवस्थापन समिती स्थापन होते. तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे, ही तिची कामे होत. कलम २२ त्याहून महत्त्वाचे आहे. समितीचा आराखडा हाच शासनाच्या वा स्थानिक प्राधिकरणाच्या योजनांचा व अनुदानांचा आधार राहील, असे ते सांगते. म्हणजे योजना वरून खाली यावी असे नव्हे, तर ती शाळेतून वर जावी, असा कायद्याचा आशय आहे.

आता स्वायत्ततेच्या मर्यादाही स्पष्ट केल्या पाहिजेत. प्रवेश नाकारण्याचे, शुल्क घेण्याचे किंवा मुलास शारीरिक शिक्षा करण्याचे स्वातंत्र्य कोणत्याही जिल्हा परिषद शाळेस नाही व नसावे. अभ्यासक्रम शैक्षणिक प्राधिकरण ठरविते, आणि शैक्षणिक दिनदर्शिका ठरविणे हे स्थानिक प्राधिकरणाचे काम आहे. पहिली ते पाचवीस वर्षाचे किमान २०० दिवस व ८०० तास, तसेच सहावी ते आठवीस २२० दिवस व १,००० तास अध्यापन झालेच पाहिजे. मुलाचा हक्क गावागावाप्रमाणे कमीअधिक होऊ नये, यासाठी ही बंधने आहेत. इंग्लंडमध्ये १९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने खर्चाचे अधिकार शाळांच्या व्यवस्थापक मंडळांकडे सोपविले. परंतु त्याच कायद्याने सर्व सरकारी शाळांसाठी राष्ट्रीय अभ्यासक्रमही घालून दिला. साधनांत मोकळीक आणि साध्यात बांधिलकी, ही सांगड तिकडेही घालावी लागली.

मर्यादांच्या आत मात्र क्षेत्र विस्तीर्ण आहे. पाठ कोणत्या क्रमाने घ्यावा, कोणती स्थानिक उदाहरणे योजावीत, दोन वर्ग एकत्र बसवून त्यांचे गट कसे पाडावेत, मागे पडलेल्या मुलांस केव्हा व कसे शिकवावे, हे शाळेनेच ठरवावयाचे आहे. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून आवश्यक ते जादा अध्यापन करणे हे तर कलम २४ नुसार शिक्षकाचे कर्तव्यच आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत पटसंख्येनुसार एकत्रित शाळा अनुदानाची तरतूद झाली. त्यातील किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेसाठी राखावयाची असली, तरी उरलेल्या रकमेतून प्रथम काय दुरुस्त करावे वा आणावे, याचा विचार समितीने करावयाचा असतो.

या ठिकाणी माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगणे मला आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी एका द्विशिक्षकी शाळेच्या तपासणीस मी गेलो होतो. तेथील मुख्याध्यापकांनी सकाळचा पहिला तास इयत्तांप्रमाणे न भरविता वाचनाच्या पायरीप्रमाणे भरविला होता. चौथीतील तीन मुले दुसरीतील मुलांसमवेत अक्षरे जुळवीत बसली होती आणि दुसरीतील एक मुलगी चौथीच्या गटात गोष्ट वाचत होती. वेळापत्रकात असे काही नव्हते. मी शेरेबुकात ‘वेळापत्रकाचे पालन होत नाही’ असा शेरा लिहिला. मुख्याध्यापक वयाने माझ्याहून मोठे होते. ते एवढेच म्हणाले, “साहेब, शेरा अवश्य लिहा. पण दिवाळीनंतर एकदा या मुलांचे वाचन ऐकायला या.” मी गेलो. ती तीनही मुले वाचत होती. अडखळत, पण वाचत होती. मी नवा शेरा लिहिला, तरी पहिला पुसता आला नाही.

याहून मोठी खंत पुढे वाटली. त्या गुरुजींची बदली झाली आणि नव्या मुख्याध्यापकांनी माझा पहिलाच शेरा वाचून जुने वेळापत्रक पुन्हा सुरू केले. त्यांचा दोष नव्हता. पहिल्या तासाचा तो प्रयोग ना समितीच्या इतिवृत्तात होता, ना आराखड्यात. तो एका चांगल्या माणसाच्या मनात होता, आणि त्या माणसाबरोबर गावातून निघून गेला. जे स्वातंत्र्य मुख्याध्यापकाच्या अंगी असते ते बदलीच्या आदेशाबरोबर संपते. जे समितीच्या ठरावात व आराखड्यात उतरते तेच शाळेचे होते, आणि तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यासही त्याचा मान राखावा लागतो.

यास्तव आराखडा करताना पुढील गोष्टी ध्यानी घ्याव्यात.

१. आरंभ इमारतीपासून न करता मुलांपासून करावा. प्रत्येक मुलास काय येते व काय येत नाही, याची साधी यादी समितीपुढे ठेवावी. भिंतीचा रंग त्यानंतर.

२. सभेची वेळ पालकांच्या सोयीची असावी. सुगीच्या दिवसांत दुपारी बोलाविलेली सभा म्हणजे केवळ सह्यांची सभा होय. शेतमजूर माता आली नाही, तर तिच्या घरी जाऊन विचारावे.

३. कामे थोडी व निश्चित असावीत. काय करावयाचे, कोणी, केव्हापर्यंत व किती खर्चात, हे लिहावे. केंद्र शासनाच्या २०१० च्या नियमांत तीन वर्षांच्या आराखड्याची व त्याच्या वार्षिक भागांची कल्पना आहे. ती सोयीची आहे.

४. अध्यापनात केलेला प्रत्येक बदल कारणासह ठरावात नोंदवावा, आणि काही महिन्यांनी त्याचे फलित, मग ते प्रतिकूल का असेना, तेथेच नमूद करावे.

५. जमाखर्च सभेत वाचून दाखवावा व फलकावर लावावा. हिशेब उघडा असेल तर विश्वास आपोआप येतो.

आम्हा अधिकाऱ्यांचेही कर्तव्य यात आहे. पाठविलेला आराखडा कपाटात पडून राहिला आणि निधी ठराविक साच्यातच आला, तर पुढील वर्षी गाव सभेस येणार नाही, आणि ते योग्यच ठरेल. मागणी मान्य नसेल तर तसे कारणासह लेखी कळविले पाहिजे. पैशाविना अधिकार ही केवळ जबाबदारीची ओझी वाहण्याची रीत होय, हे शिक्षकांचे म्हणणे मला मान्य आहे. तथापि त्या मागणीस वजन येते ते लेखी, ठरावाने संमत व पालकांच्या सह्यांनिशी आलेल्या आराखड्यामुळेच.

शिक्षकबंधुभगिनींनो, स्वायत्तता एखाद्या परिपत्रकाने एके दिवशी बहाल होईल, याची वाट पाहू नये. तिचा काही भाग आपल्या कपाटातील इतिवृत्ताच्या कोऱ्या पानांवर आजही आपली वाट पाहत आहे. पुढील सभेत एखादीच गोष्ट ठरवा. परंतु ती मुलांच्या शिकण्याची असावी, सर्वांच्या संमतीने ठरावी आणि लिहून ठेवावी. मग आपली बदली झाली तरी ती शाळेत राहील.